सह्याद्रीचे स्थलनिर्देशक नकाशांकन : ठाणे जिल्ह्याचा डोंगरपट्टा

सह्याद्रीचे स्थलनिर्देशक नकाशांकन : भूपृष्ठाचे चढउतार, जलप्रवाह, वनाच्छादन, वस्त्या, रस्ते, पाऊलवाटा आणि स्थलनामे ही ठराविक प्रमाणात व मान्य चिन्हांनी कागदावर उतरविण्याच्या क्रियेस स्थलनिर्देशक नकाशांकन म्हणतात. सपाट मुलखात हे काम मुख्यतः अंतरे व दिशा यांचे असते. डोंगराळ मुलखात त्यांत उंची या तिसऱ्या परिमाणाची भर पडते व ते कितीतरी अवघड होते. ठाणे जिल्ह्याचा पूर्वेकडील डोंगरपट्टा हे याचे बोलके उदाहरण आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली ही दाट वस्तीची शहरे आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा यांच्यात सरळ रेषेत सु. सत्तर ते नव्वद किमी. एवढेच अंतर आहे. तथापि नकाशा जेथे सर्वांत निकडीचा, तेथेच तो सर्वांत कमी बोलतो, असा अनुभव या पट्ट्यात येतो. याचे कारण सर्वेक्षकांच्या हयगयीत नसून भूरूपाच्या व नकाशाच्या स्वभावातच आहे.

प्रदेश : १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात जो भाग उरला, त्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. सह्याद्रीचा माथा ही बऱ्याच अंतरापर्यंत जिल्ह्याची पूर्व सीमा असून तिच्यापलीकडे नासिक, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) व पुणे हे जिल्हे आहेत. मुख्य रांगेपासून सुटलेले माहुली (सु. ८५८ मी.) शहापूरजवळ, तर मलंगगड कल्याणच्या दक्षिणेस असून मलंगगड, चंदेरी व माथेरान हे डोंगर एकाच रांगेतील आहेत. काळू, भातसा इ. नद्यांचे पाणी अखेर उल्हास नदीला मिळते.

हा सर्व प्रदेश दक्षिणेतील लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेले हे थर जवळजवळ आडवे आहेत. त्यांतील कठीण थर झिजेला दाद देत नाहीत व उभे कडे बनतात. मृदू थर लवकर झिजून त्यांच्या जागी अरुंद सपाट्या राहतात. त्यामुळे डोंगराची बाजू पायऱ्यापायऱ्यांची दिसते. या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून पडले आहे. समुद्रसपाटीपासून शेदीडशे मीटरांवर असलेली कोकणची भूमी काही किमी.च्या आत हजार मीटरांहून अधिक उंची गाठते. हरिश्चंद्रगडाचा (१,४२४ मी.) पश्चिमेकडील कोकणकडा तर नागाच्या फण्यासारखा आतून पोखरलेला असून त्याचा माथा पुढे झुकलेला आहे.

नकाशापूर्व ज्ञान : नकाशा तयार होण्यापूर्वी हा मुलूख अज्ञात होता, असे मानणे चुकीचे ठरेल. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट हा सातवाहन काळापासूनचा व्यापारी मार्ग असून तेथील लेण्यातील नागनिकेचा शिलालेख प्रसिद्ध आहे. कल्याण व सोपारा या बंदरांतील माल अशा घाटांनी देशावर जाई. कोठून चढावे, पाणी कोठे मिळेल, पावसाळ्यात कोणती वाट बंद होते, हे ज्ञान घाटाखालच्या ठाकूर, महादेव कोळी व कातकरी वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या तोंडी टिकून राहिले. या ज्ञानाला स्वतःची परिभाषाही आहे. दोन शिखरांमधील सखल जागा ती खिंड, डोंगरातून उतरत जाणारा लांबट फाटा ती सोंड, दोन्ही बाजूंस तुटलेला अरुंद माथा ती धार, कड्यातून कोसळणारी चिंचोळी घळ ती नाळ, कड्याच्या मध्यावरील सपाटी तो पदर आणि एकटा उभा राहिलेला खडक तो सुळका. शास्त्रीय भूरूपवर्णनात जे भेद पुढे नोंदले गेले, त्यांपैकी बहुतेक या शब्दांत आधीच आले आहेत.

सर्वेक्षणाचा इतिहास : भारतीय सर्वेक्षण संस्थेचा प्रारंभ १७६७ मध्ये झाला. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्टन याने मद्रासजवळ सेंट टॉमस माउंट येथे सु. १२ किमी. लांबीची आधाररेषा मोजण्यास सुरुवात केली आणि तिच्यावरून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेली. या कार्यास १८१८ मध्ये ‘महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण’ हे नाव मिळाले. लॅम्टन याचा मृत्यू १८२३ मध्ये महाराष्ट्रातील हिंगणघाट येथे झाला व पुढील काम जॉर्ज एव्हरेस्ट याने चालविले.

त्रिकोणीकरणाचे तत्त्व सोपे आहे. त्रिकोणाची एक बाजू व तिच्या टोकांचे कोन कळल्यास उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळतात. म्हणून एकच रेषा जमिनीवर काटेकोर मोजावयाची आणि पुढे थिओडोलाइटने केवळ कोन घ्यावयाचे. या पद्धतीत डोंगर हा अडथळा न राहता साधन बनतो. कारण दूरवरून दिसणारे शिखर हेच निरीक्षणाचे उत्तम स्थान होय. सह्याद्रीतील कळसूबाई (१,६४६ मी.) यासारखी शिखरे अशा कामी आली. मात्र शिखर दिसणे व शिखरावर पोहोचणे यांत फरक असतो. अवजड उपकरणे खलाशांच्या खांद्यांवरून चढवावी लागत. पावसाळ्याचे चार महिने ढगांत जात, उन्हाळ्यात धुरकट हवेमुळे दूरचे निशाण दिसत नसे आणि पायथ्याच्या रानात हिवताप असे. कामास खरा काळ मिळे तो पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेचा.

उंची मोजण्याचे जुने उपाय वायुदाबमापक व उकळते पाणी हे होत. उंची सु. ३०० मी.नी वाढली की, पाण्याचा उत्कलनबिंदू सु. १° से.ने उतरतो, यावरून उंचीचा स्थूल अंदाज येतो. मुंबई सरकारच्या सेवेत असताना दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करणारा कर्नल विल्यम साइक्स याने अशा निरीक्षणांचा पाठपुरावा केला. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून दिसणाऱ्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे, म्हणजे इंद्रवज्राचे, त्याचे वर्णन १८३५ मध्ये प्रसिद्ध झाले.

याच काळात मुंबई इलाख्यात महसुली मोजणी सुरू झाली. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात घालून दिलेली ही पद्धती पुढे इलाखाभर पसरली. तिचा हेतू शेतसारा ठरविण्याचा असल्याने शेताच्या बांधापर्यंत ती बारकाईने जाई; डोंगर मात्र गावाच्या हद्दीचा शेवट म्हणून राही. गावनकाशांत उंची दर्शविलेली नसते. त्यामुळे डोंगराचे रूप दाखविण्याची जबाबदारी सर्वस्वी स्थलनिर्देशक नकाशावर आली. खंडाळ्याच्या बोरघाटातून व कसाऱ्याच्या थळघाटातून लोहमार्ग नेताना (थळघाटाचा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला) चढाचे बारीक सर्वेक्षण करावे लागले. परंतु ते मार्गाच्या अरुंद पट्ट्यापुरतेच होते.

पत्रांची रचना : भारताचे स्थलनिर्देशक नकाशे अक्षांश-रेखांशांच्या चौकटींनुसार विभागलेले आहेत. ४° × ४° च्या चौकटीस अंक दिलेला असून कोकणचा उत्तर भाग ४७ या अंकाच्या चौकटीत येतो. तिचे १° × १° चे सोळा भाग रोमन अक्षरांनी आणि त्या प्रत्येकाचे १५′ × १५′ चे सोळा भाग पुन्हा अंकांनी ओळखले जातात. १ : ५०,००० प्रमाणाचे असे एक पत्र या अक्षांशावर सु. २८ किमी. उत्तर-दक्षिण व सु. २६ किमी. पूर्व-पश्चिम प्रदेश व्यापते. ७३° पूर्व हे रेखावृत्त ठाणे व डोंबिवली यांच्या दरम्यान जात असल्याने ठाणे शहर ४७ ए/१६ या पत्रावर, तर डोंबिवली, कल्याण व मलंगगड ही ४७ ई/४ या पत्रावर येतात. नाणेघाट ४७ ई/११ व हरिश्चंद्रगडाचा माथा ४७ ई/१५ या पत्रावर आहे. ७३° ४५′ रेखावृत्त कोकणकड्याच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावरून जाते. परिणामी गड एका पत्रावर व त्याखालच्या मुरबाड खोऱ्याचा बराचसा भाग दुसऱ्या पत्रावर पडतो. संपूर्ण चढ एका दृष्टिक्षेपात पहावयाचा तर दोन पत्रे जोडावी लागतात.

मैलाला इंच (१ : ६३,३६०) या जुन्या प्रमाणाची जागा दशमान पद्धतीच्या स्वीकारानंतर १ : ५०,००० या प्रमाणाने घेतली. या पत्रांत पाणी निळ्या, वने हिरव्या, लागवड पिवळ्या, समोच्च रेषा तपकिरी आणि वस्त्या व रस्ते लाल रंगाने दाखवितात. पाऊलवाट तुटक लाल रेषेने दर्शविली जाते.

समोच्च रेषा व कडा : समुद्रसपाटीपासून समान उंचीवरील बिंदूंना जोडणारी रेषा ती समोच्च रेषा. १ : ५०,००० पत्रावर अशा लगतच्या दोन रेषांच्या उंचीत सामान्यतः २० मी.चे अंतर असते. रेषा विरळ असल्यास उतार मंद व दाट असल्यास तीव्र समजावा. रेषांचे टोक चढाकडे वळले असल्यास ती घळ वा दरी आणि उताराकडे वळले असल्यास ती सोंड होय. रेषांच्या दोन दाट पट्ट्यांमधील विरळ पट्टा म्हणजे पदर.

ही योजना जेथे कोलमडते, ते स्थान साध्या हिशेबाने कळते. ४५° च्या उतारावर २० मी. चढताना आडवे अंतरही २० मी.च कापले जाते. कागदावर ते ०.४ मिमी. भरते. उतार ७६° झाला की तेच अंतर ०.१ मिमी. होते, म्हणजे छापील रेषेच्या जाडीएवढेही उरत नाही. पूर्ण उभ्या अशा ३०० मी. उंचीच्या कड्यावरील पंधरा रेषा एकमेकींवर पडून एकच रेषा होते. अशा ठिकाणी रेषा तोडून कड्याचे चिन्ह काढतात. येथे कडा आहे एवढे ते चिन्ह सांगते. त्यात नाळ आहे की नाही, मध्ये पदर आहे की नाही, वर जाता येईल की नाही, हे सांगत नाही. कोकणकड्यासारख्या झुकलेल्या कड्यावर तर अडचण आणखी वाढते. कारण तेथे एकाच स्थानाला वरची व खालची अशा दोन उंच्या असतात व समोच्च रेषांना त्या दाखविता येत नाहीत. नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जमीन आणि कडा ही वरून पाहिल्यास जवळजवळ न दिसणारी वस्तू. सह्याद्रीचे जे सर्वांत मोठे वैशिष्ट्य, तेच नकाशात सर्वांत कमी जागा व्यापते.

वाटा व स्थलनामे : याचा पहिला परिणाम वाटांवर होतो. घाटाखालून वर जाणाऱ्या नाणेघाट, आहुपे घाट, सादळे घाट या वाटा किंवा कोकणकड्याशेजारची नळीची वाट यांपैकी काही रुळलेल्या, तर काही केवळ माहितगारांच्या आहेत. नाळेतील वाट कागदावर सरळ रेषेसारखी दिसते, पण तिच्यातील एखादा कातळटप्पा तुटलेला असल्यास ती वाट राहत नाही. तिचे अस्तित्व भूरूपाइतकेच वापरावर अवलंबून असते. आठवड्याच्या बाजाराला जाणारी माणसे मोटाररस्त्याने जाऊ लागली की, दोनतीन पावसाळ्यांत वाट कारवीत बुजते. नकाशावरील लाल रेषा मात्र पुढील आवृत्तीपर्यंत तशीच राहते.

दुसरा परिणाम नावांवर होतो. शिखराची उंची उपकरणाने मिळते, नाव मात्र विचारूनच मिळते. एकाच सुळक्याला घाटावर एक व कोकणात दुसरे नाव असू शकते. मराठीतील ‘ळ’, ‘ण’ इ. ध्वनी रोमन लिपीत नीट उतरत नसल्याने रोमनमधून पुन्हा देवनागरीत आलेली नावे अनेकदा बिघडतात. म्हणून क्षेत्रपडताळणी, म्हणजे तयार मसुदा घेऊन प्रत्यक्ष जागी जाणे व स्थानिकांकडून वाटा, पाणवठे व नावे यांची खात्री करून घेणे, हा नकाशांकनाचा शेवटचा असला तरी गौण टप्पा नव्हे. गिर्यारोहक संस्थांनी काढलेले वाटांचे आराखडे या दृष्टीने मोलाचे असून कल्याण-डोंबिवली परिसरातील गिरिभ्रमणाच्या परंपरेचाही त्यात वाटा आहे.

हवाई व उपग्रहीय साधने : विसाव्या शतकात हवाई छायाचित्रमितीने क्षेत्रकामाचा भार पुष्कळ हलका केला. एकाच भूभागाची दोन स्थानांवरून घेतलेली छायाचित्रे एकत्र पाहिली असता उठाव दिसतो व त्यावरून समोच्च रेषा काढता येतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची नोंदविली. ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ या भारतीय उपग्रहाने जोडछायाचित्रे पुरविली. तथापि कड्याची अडचण येथेही सुटत नाही. रडारचे किरण तिरपे येत असल्याने कड्यामागील भाग छायेत राहतो. या मोहिमेच्या माहितीतील चौकट अधिकात अधिक सूक्ष्म रूपातही सु. ३० मी. बाजूची असून तिला एकच उंची दिलेली असते. कड्यावर मात्र तेवढ्या अंतरात शेकडो मीटरांचा फरक पडू शकतो. दाट रानात छायाचित्रावर दिसतो तो झाडांचा माथा. विमानातून लेसर किरण सोडून केलेले मापन झाडोऱ्यातून जमिनीपर्यंत पोहोचते, म्हणून या प्रदेशास ते अधिक उपयुक्त आहे.

उपग्रहांवरून स्थान दाखविणारी उपकरणे आता प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत आहेत. पण त्यांचा वापर जुन्या पत्रांबरोबर करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे, जुनी पत्रे एव्हरेस्ट याने १८३० मध्ये ठरविलेल्या पृथ्वीच्या आकारावर, तर उपग्रहीय स्थाने निराळ्या जागतिक आकारावर आधारलेली आहेत. दोहोंतील रेखांश-अक्षांश रूपांतर न करता वापरल्यास या भागात सु. शंभर मीटरांचा फरक पडू शकतो. मैदानात तो क्षम्य आहे. कड्याच्या धारेवर तो जमीन व पोकळी यांतील फरक ठरतो. दुसरी गोष्ट उंचीची. नकाशावरील उंची सरासरी समुद्रसपाटीपासूनची असते. मुंबईच्या अपोलो बंदरासह नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ही पातळी १९०९ मध्ये निश्चित झाली. उपग्रहीय उपकरण मुळात गणिती पृष्ठभागापासूनची उंची मोजते आणि ठाणे-मुंबई परिसरात समुद्रसपाटी त्या पृष्ठभागाच्या ६० मी.हून अधिक खाली आहे. म्हणून दुरुस्ती आवश्यक ठरते. शिवाय अरुंद नाळेत आकाशाचा थोडाच भाग दिसतो, उपग्रहांचे संकेत कड्यांवरून परावर्तित होऊन येतात आणि जेथे अचूकतेची गरज सर्वाधिक तेथे उपकरण चुकते.

उपलब्धता : किनारपट्टीलगतच्या प्रदेशातील सविस्तर पत्रांवर दीर्घकाळ संरक्षणविषयक निर्बंध होते. कोकणचा बराच भाग त्यांत येत असल्याने सामान्य नागरिकास ही पत्रे सहज मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी व सर्वांसाठी अशा दोन स्वतंत्र मालिका केल्या. २०१७ मध्ये खुल्या मालिकेतील पत्रे संकेतस्थळावरून विनामूल्य देण्यास प्रारंभ झाला. फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी व २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशांकनाची मोकळीक आणखी वाढविली.

उपयोग व महत्त्व : या प्रदेशातील समोच्च रेषा केवळ भटक्यांच्या कामाची नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली व मुंबई या शहरांचे पाणी भातसा, बारवी यांसारख्या जलाशयांतून येते. धरणाची पूर्ण संचय पातळी ठरली की, त्या उंचीची समोच्च रेषा हीच बुडीत क्षेत्राची सीमा होते. कोणाचे शेत पाण्याखाली जाईल व कोणाचे राहील, हे तीच ठरविते. तिच्यातील एक-दोन मीटरांची चूक मंद उताराच्या खोऱ्यात कित्येक शेतांना भोवते.

दरडींच्या बाबतीत नकाशाचा संबंध थेट जीविताशी येतो. पुणे जिल्ह्यातील माळीण (३० जुलै २०१४), रायगड जिल्ह्यातील तळिये (२२ जुलै २०२१) व इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) या वस्त्या अतिवृष्टीत दरडींखाली सापडल्या. यांपैकी इरशाळवाडीस मोटाररस्ता नव्हता. मदतपथकांना पायवाटेने डोंगर चढून जावे लागले. अशा वस्त्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातही आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१४ मध्ये हाती घेतलेले दरडप्रवणतेचे राष्ट्रीय नकाशांकन १ : ५०,००० याच प्रमाणावर आहे. त्यावरून धोक्याचा पट्टा कळतो. पण वाडीच्या डोक्यावरील एखादी भेग किंवा नव्याने फुटलेला झरा कळण्यास अधिक मोठ्या प्रमाणाचा नकाशा व तेथे राहणाऱ्यांची नोंद या दोहोंची जोड लागते. वाट चुकलेल्यांच्या शोधातही हाच अनुभव येतो. माणूस ज्या बिंदूवर अडकला, तो बिंदू उपकरण दाखवू शकते. तेथे पोहोचण्याची वाट मात्र बहुधा पायथ्याच्या वाडीतील माणूस दाखवितो.

म्हणून या डोंगरपट्ट्याचे नकाशांकन एकदा करून संपणारे काम नाही. आकार, उंची व अंतर यांची नोंद उपकरणे उत्तरोत्तर सूक्ष्मपणे करू लागली आहेत. वाटा, पाणवठे व नावे मात्र आजही जमिनीवर फिरून, माणसांना विचारूनच नोंदावी लागतात. आणि ती सांगणारी पिढी डोंगर सोडून शहराकडे वळत असल्याने या नोंदीची निकड दिवसेंदिवस वाढत आहे.